नवशिक्या नेमबाजास सूट द्यावी काय ?

कोणत्याहि खेळांत नवशिक्यास आपण थोडी सूट देतों. पहिल्यांदाच खो-खोच्या पटांगणांत उतरलेल्या मुलानें चुकीच्या बाजूस धांव घेतली, तर पंच त्यास समजावून सांगतात आणि भोंवतालचीं मुलें हंसून तें विसरून जातात. हें योग्यच आहे. शिकणाऱ्याच्या चुकीकडे क्षमेच्या दृष्टीनें पाहिलें नाहीं, तर शिक्षकाचें काम एक दिवसहि चालावयाचें नाहीं. परंतु एक खेळ असा आहे कीं, ज्यांतील कांहीं चुका पहिल्याच वेळीं आणि पहिल्याच क्षणीं थांबवाव्या लागतात. चूक करणारा नवा आहे कीं जुना, हें पाहण्यास तेथें सवड नसते. तो खेळ म्हणजे नेमबाजी. या खेळांत नव्या स्पर्धकांकडून सुरक्षिततेचे नियम किती कडकपणें पाळून घ्यावेत, यासंबंधीं माझें मत विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवावें असा विचार आहे. तें मत मला फुकट मिळालेलें नाहीं. त्याची किंमत आमच्या एका विद्यार्थ्यानें दिली आहे, म्हणूनच तें मांडणें मी माझें कर्तव्य समजतों.

पूर्वीं बंदूक म्हटली कीं आपल्या कर्जत-खालापूरच्या मुलांच्या डोळ्यांपुढें शिकारी, पोलीस किंवा फार तर पेठच्या किल्ल्यावरची तोफ एवढेंच येत असे. आतां तसें राहिलेलें नाहीं. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनीं २०१० सालीं म्यूनिच येथें जागतिक अजिंक्यपद मिळविलें. ठाण्याचे रुद्रांक्ष पाटील २०२२ सालीं कैरो येथें दहा मीटर एअर रायफलमध्यें जगज्जेते झाले. राधानगरी तालुक्यांतील कांबळवाडी या खेड्यांतून आलेल्या स्वप्नील कुसळे यांनीं १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिसच्या ऑलिंपिकमध्यें पन्नास मीटर रायफलच्या स्पर्धेंत ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक आणलें. आपल्याच जिल्ह्यांत, नवीन पनवेल येथें, २००४ सालच्या अथेन्स ऑलिंपिकमध्यें अंतिम फेरी गांठणाऱ्या सुमा शिरूर यांनीं मुलांना नेमबाजी शिकविण्याचें काम उभें केलें. शालेय क्रीडास्पर्धांतहि या खेळाला स्थान मिळालें आहे. अर्थात् डोंगरपट्टींतल्या वाड्यांवरचीं मुलेंहि आतां ‘सर, आम्हांला रायफल शिकवा’ असें म्हणूं लागलीं आहेत. हें ऐकून मला आनंद होतो. परंतु उत्साह पुष्कळ आणि सरावाचे दिवस थोडे, अशा स्थितींत हीं मुलें स्पर्धेच्या रेषेवर जाऊन उभीं राहतात, आणि खरा प्रश्न तेथें सुरू होतो.

कांहीं वर्षांपूर्वीं जिल्ह्याबाहेरील एका लहानशा स्पर्धेस मी तीन मुलांना घेऊन गेलों होतों. त्यांतील एक मुलगा खालापूरच्या बाजूच्या एका वाडीवरचा. गलोलीनें उंच झाडावरची ठरविलेली कैरी पाडावी तर यानेंच. हात स्थिर, डोळा तीक्ष्ण आणि स्वभाव अत्यंत लाजाळू. सरावास आम्हांला अवघे आठ दिवस मिळाले. त्या आठ दिवसांत मीं त्यास उभें राहण्याची ढब शिकविली, श्वास केव्हां रोखावा तें सांगितलें, चाप झटका न देतां कसा दाबावा तें दाखविलें. सुरक्षिततेचे नियम मात्र शेवटच्या संध्याकाळीं घाईघाईनें वाचून दाखविले. मुलांनीं ‘हो सर’ म्हटलें, आणि माझें समाधान झालें.

स्पर्धेच्या दिवशीं त्याचे वडील मजुरी बुडवून आमच्याबरोबर आले होते व मागें प्रेक्षकांत उभे होते. मुलाचा चौथा कीं पांचवा छर्रा नेमका मध्यावर बसला. त्यानें पुढचा छर्रा भरला, आणि तेवढ्यांत मला राहवलें नाहीं. मीं मागून त्याचें नांव घेऊन ‘शाबास !’ म्हणून मोठ्यानें हांक मारली. मुलगा आनंदानें मागें वळला. तो वळला, आणि त्याच्याबरोबर बंदुकीची नळीहि वळली. ती शेजारच्या स्पर्धकावरून, पंचांवरून आणि शेवटीं आम्हां सर्वांच्या रांगेवरून फिरली.

‘स्टॉप !’ असा आवाज झाला. रेंज ऑफिसरांनीं दोन पावलांत पुढें होऊन नळी धरली, ती पुन्हां लक्ष्याच्या दिशेस वळविली, छर्रा काढून घेतला आणि मुलास रेषेवरून मागें जावयास सांगितलें. त्याची त्या दिवसाची स्पर्धा तेथेंच संपली. वडील हात जोडून पुढें आले. ‘साहेब, पोराची पहिलीच वेळ आहे. एक डाव माफ करा.’ मींहि शिक्षक म्हणून रदबदली केली. मुलगा वाडीवरून आला आहे, पुन्हां कधीं येईल कीं नाहीं कोण जाणे, असें पुष्कळ सांगितलें. त्या गृहस्थांनीं सर्व शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाले, ‘गुरुजी, पुढच्या वर्षीं याला अवश्य आणा, हात फार चांगला आहे. पण आज मीं हें सोडलें, तर येथें बसलेलीं हीं सगळीं मुलें काय शिकून जातील ?’ मला तेव्हां तें उत्तर कठोर वाटलें. खरें सांगावयाचें तर त्या गृहस्थांचा मला राग आला.

परतीच्या एस. टी. मध्यें मुलगा खिडकीशीं बसला होता. बराच वेळ तो कांहीं बोलला नाहीं. चौक मागें पडल्यावर हळूच म्हणाला, ‘सर, वळूं नये हें मला ठाऊक होतें. पण तुम्हीं हांक मारलीत ना ? सरांनीं हांक मारली कीं वळायचें असतें.’ या वाक्यावर मला उत्तर सुचलें नाहीं. आठ वर्षें आम्हीं शाळेंत त्यास हेंच शिकविलें होतें कीं, गुरुजींनीं हांक मारतांच वळून उभें राहावें. त्या आठ वर्षांच्या संवयीपुढें एका संध्याकाळीं वाचून दाखविलेला नियम कसा टिकणार ? नियम त्याच्या डोक्यांत होता, अंगांत नव्हता. आणि तो अंगीं बाणविण्याचें काम माझें होतें.

या प्रसंगापासून मी ज्या निर्णयास आलों आहें तो असा : नवशिक्यास शिक्षेंत सूट देतां येईल, थांबविण्यांत देतां येणार नाहीं. या दोन गोष्टी भिन्न आहेत, आणि आपण त्या एकत्र करतों म्हणून घोटाळा होतो. ‘नवा आहे, जाऊं द्या’ असें म्हणतांना आपल्या मनांत असतें कीं त्याला शिक्षा नको. परंतु आपण करतों काय, तर त्याला थांबवीतच नाहीं. वळलेली नळी तशीच राहते, आणि मुलाला वाटतें कीं इतकें वळलेलें चालतें. याच्या उलट, ज्यानें तत्काळ थांबविलें त्याच्या हातांत पुढें दया करण्यास पुष्कळ जागा उरते. नियमाचे कर्तेहि हा भेद जाणतात. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचा नियम असा आहे कीं, बंदूक वापरांत नसतांना तिच्यांत ठळक रंगाची सुरक्षेची खूण घातलेली असावी. एअर रायफलमध्यें ती एक दोरी असते व ती नळीच्या या टोंकापासून त्या टोंकापर्यंत आरपार जावी लागते. ही दोरी घालावयास कोणी विसरला तर पंचानें प्रथम ताकीद द्यावी आणि ती घालावयास लावावी. ताकीद देऊनहि जो घालण्याचें नाकारील तो स्पर्धेंतून बाद. म्हणजे विसरणाऱ्यास क्षमा आहे, पण दोरी न घालतां बंदूक तशीच ठेवूं देण्याची मुभा कोणासहि नाहीं. भरलेली नळी माणसांवरून फिरली तर मात्र ताकीदीची वेळ निघून गेलेली असते.

या दोरीचें महत्त्व मुलांना प्रथम पटत नाहीं. ‘सर, बंदूक रिकामीच आहे’ हें वाक्य मीं इतक्या वेळां ऐकलें आहे कीं, त्याचीच मला सर्वांत अधिक भीति वाटते. २०२१ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत अमेरिकेंतील न्यू मेक्सिको येथें एका चित्रपटाचें काम चाललें असतां, नटाच्या हातीं दिलेलें पिस्तूल धोक्याचें नाहीं असें सर्वांना सांगण्यांत आलें होतें. त्यांत खरी गोळी होती. ती सुटली आणि छायाचित्रण करणारी हॅलिना हचिन्स ही स्त्री प्राणास मुकली. तेथें जमलेले लोक मूर्ख नव्हते. एकानें सांगितलें, दुसऱ्यानें मानलें, आणि डोळ्यांनीं पाहावयाचें राहून गेलें. नळींतून आरपार गेलेली दोरी दिसली म्हणजे सांगण्या-मानण्याचा प्रश्नच उरत नाहीं. नळींत छर्रा बसलेला असेल तर दोरी पलीकडे जाणारच नाहीं.

कित्येकांना असें वाटतें कीं, हे नियम नव्या मुलांवरील अविश्वासांतून निघाले आहेत आणि मुरलेल्या नेमबाजास त्यांची गरज नाहीं. ही समजूत चुकीची आहे. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्यें अमेरिकेचे मॅथ्यू एमन्स तीन स्थितींच्या रायफल-स्पर्धेंत शेवटच्या गोळीपर्यंत सर्वांच्या पुढें होते. ती शेवटची गोळी त्यांनीं आपल्या लक्ष्याऐवजीं शेजारच्या लक्ष्यावर झाडली. गुण शून्य मिळाले, आणि हातांत आलेलें सुवर्णपदक जाऊन ते आठव्या स्थानावर गेले. त्या चुकीनें कोणास इजा झाली नाहीं, परंतु जगांतील उत्तम नेमबाजाचेंहि लक्ष क्षणभर उडतें एवढें तिनें दाखविलें. नियम त्या क्षणासाठीं आहे, आणि तो क्षण नव्या-जुन्या सर्वांनाच येतो.

कर्जतच्या मुलांना यासाठीं परदेशीं जावयास नको. बोरघाटांतली आगगाडी त्यांनीं लहानपणापासून पाहिली आहे. १८६३ सालीं हा घाटरस्ता आगगाडीस खुला झाला. वर जाणाऱ्या गाडीस कर्जतेस मागून जादा इंजिनें जोडतात, हें आपणांस ठाऊक आहे. खालीं येणाऱ्या गाडीचे ब्रेक घाट उतरण्यापूर्वीं तपासले जातात, आणि उतारावर ठिकठिकाणीं चढावर नेणारे आडमार्ग ठेवले आहेत. एखादी गाडी आवरेनाशी झालीच, तर ती त्या चढावर जाऊन थांबावी, हा त्यांचा हेतु. आतां विचार करा कीं, वीस वर्षें नोकरी झालेला चालक ‘माझ्या गाडीची तपासणी नको, मी जुना आहें’ असें म्हणूं लागला, किंवा नव्या चालकाविषयीं कोणी ‘आज पहिलाच दिवस आहे, त्याला उगाच थांबवूं नका’ असें म्हणालें, तर आपण त्या गाडींत बसूं काय ? घाटाला चालकाची नोकरी किती वर्षांची हें समजत नाहीं. छर्ऱ्यालाहि समजत नाहीं.

यावर आणखी एक आक्षेप येतो. ‘ही काय खरी बंदूक आहे ? एअर रायफल म्हणजे खेळणें !’ दहा मीटर स्पर्धेंतील एअर रायफलचा छर्रा साडेचार मिलिमीटर जाडीचा असतो व तो सेकंदास दीडशे मीटरांहून अधिक वेगानें निघतो. अशा छर्ऱ्यानें डोळा कायमचा जाऊं शकतो. जी मुलें आज एअर रायफल हातीं घेतात, त्यांतलींच कांहीं उद्यां एन. सी. सी. मध्यें पॉइंट टू टू रायफल घेतील. तिची गोळी मोकळ्यावर एक किलोमीटराहूनहि दूर जाते. हातांस जी संवय पहिल्या बंदुकीनें लागते तीच दुसरीस लागू होते. म्हणून पहिली बंदूक हलकी आहे हें नियम ढिले करण्याचें कारण नसून, नियम शिकण्याची ती उत्तम संधि आहे.

तिसरा आक्षेप मला अधिक विचार करण्याजोगा वाटतो. कडक वागलें तर गरीब, लाजाळू, खेड्यांतलीं मुलें या खेळापासून दूर पळतील, असें म्हणतात. आमचा मुलगा त्या दिवशीं किती खचला होता तें मीं पाहिलें आहे, म्हणून हा आक्षेप मी हंसून टाकीत नाहीं. परंतु मुलास कशानें दुःख झालें ? थांबविल्यानें नव्हे. जें इतर शाळांतील मुलांच्या अंगवळणीं पडलेलें होतें तें त्याला कोणी पुरेसें शिकविलेंच नव्हतें, यानें झालें. अन्याय रेषेवर झाला नाहीं. तो त्यापूर्वीं आठ दिवस आमच्या शाळेंत झाला होता. पुढची ढिलाई हा त्या अन्यायावरील उपाय नव्हे. शिवाय ज्या ठिकाणीं नियम सर्वांना सारखे लागू असतात, तेथेंच आईबाप आपल्या मुलांना व मुलींना निर्धास्तपणें पाठवितात.

मग नियम पाळवून कसे घ्यावेत ? माझ्या अल्प अनुभवावरून चार गोष्टी सुचवितों.

पहिली गोष्ट ही कीं, नव्या मुलास छर्रा देण्यापूर्वीं नियम द्यावेत, आणि ते तोंडपाठ करून नव्हे तर हातानें. आमच्या येथें आतां पहिला आठवडाभर कोणासहि छर्रा मिळत नाहीं. बंदूक उचलणें, नळी लक्ष्याकडे ठेवणें, बोट चापाबाहेर ठेवणें, दोरी घालणें, बंदूक खालीं ठेवून मगच मागें वळणें, एवढेंच चालतें. मुलें कंटाळतात. कंटाळेपर्यंत केल्याशिवाय संवय लागत नाहीं. मी मधूनच मुद्दाम मागून हांक मारतों. जो बंदूक न ठेवतां वळला, त्यानें पुन्हां पहिल्यापासून आरंभ करावयाचा.

दुसरी गोष्ट भाषेची. स्पर्धेंतील आज्ञा इंग्रजींत असतात. मराठी शाळेंतील मुलाच्या कानाला ‘स्टार्ट’ आणि ‘स्टॉप’ हे दोन शब्द आरंभीं सारखेच ऐकूं येतात, आणि घाबरलेल्या मुलास तर अर्धाच शब्द ऐकूं येतो. एका शब्दानें नेम धरावयाचा, दुसऱ्यानें जेथल्या तेथें थांबावयाचें ! म्हणून हे शब्द रोजच्या सरावांत, मोठ्यानें आणि अचानक उच्चारून कानांत बसवावेत. स्पर्धा भरविणाऱ्यांनींहि नव्या स्पर्धकांना आरंभापूर्वीं दहा मिनिटें बाजूस घेऊन सर्व आज्ञा मराठींत समजावून सांगितल्या, तर त्यांचें पुढचें काम पुष्कळ हलकें होईल.

तिसरी गोष्ट ही कीं, आधीं थांबवावें, मग समजवावें, आणि अपमान कधींहि करूं नये. ‘स्टॉप’ हा शब्द मोठ्यानेंच उच्चारावा लागतो. परंतु त्यानंतरचे सर्व शब्द हलक्या आवाजांत बोलतां येतात. ‘तूं बेजबाबदार आहेस’ असें म्हणूं नये; ‘नळी वळली होती’ असें म्हणावें. पहिल्या वाक्यानें मूल आपल्या स्वभावाचा बचाव करूं लागतें, दुसऱ्यानें तें नळीकडे पाहतें.

चौथी गोष्ट ही कीं, थांबविण्याचा अधिकार सर्वांचा असावा आणि नियम सर्वांवर चालावा. धोका दिसला तर सर्वांत लहान मुलानेंहि तो त्याच क्षणीं ओरडून सांगावा, आणि मोठ्यांनीं त्याबद्दल रागावूं नये.

पालकांना माझी विनंति आहे. मुलें रेषेवर असतांना मागून हांका मारूं नका; छायाचित्र काढण्यासाठीं ‘इकडे बघ’ म्हणूं नका. हा दोष मीं स्वतः केला आहे, म्हणून सांगतों. पंचांनीं मुलास थांबविलें तर त्याच्यासाठीं रदबदली करूं नका. तुम्ही त्या वेळीं मुलाला शिकवीत असतां कीं, नियम हा ओळखीनें आणि विनवणीनें वांकतो. घरीं हौसेनें एअर गन आणून मुलाच्या हातीं देऊं नका, आणि दारावरच्या पांखरांवर नेम धरावयास लावूं नका. रानपांखरें मारण्यास १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें बंदी आहे, आणि जो हात अंगणांत कशावरहि नेम धरतो तो रेषेवर एकदम शहाणा होत नाहीं. हेल्मेट हातावर अडकवून दुचाकी चालविणारा बाप, किंवा पूल असतां रूळ ओलांडणारी आई, मुलाला ‘नियम पाळ’ म्हणून सांगते तेव्हां मूल तोंडाकडे पाहत नाहीं, पायांकडे पाहतें.

शेवटीं त्या मुलाविषयीं. पुढच्या वर्षीं तो पुन्हां स्पर्धेस गेला आणि सर्व छर्रे मारून परत आला. पदक मिळालें नाहीं. पण आतां धाकट्या मुलांना बंदूक कशी धरावी हें तोच दाखवितो. परवां आमच्या सरावाच्या जागीं मुलांनीं आपला फेरा संपविला. मला कागद पाहण्याची घाई झाली होती. सर्व बंदुकांत दोऱ्या घातल्या गेल्या आहेत कीं नाहीं हें न पाहतांच मीं रेषेपलीकडे पाऊल टाकलें. मागून मोठ्यानें आवाज आला, ‘स्टॉप !’ मी जागच्या जागीं थांबलों. तोच मुलगा होता. मग तो जवळ येऊन हलक्या आवाजांत म्हणाला, ‘सर, शेवटच्या बंदुकींत दोरी नाहीं घातली अजून.’ खरोखरच घातलेली नव्हती. मीं पाऊल मागें घेतलें.